तुम्ही विचारलंत म्हणून : झाडाला त्रास होत नाही का?

आमच्या गच्चीवर पहिल्यांदा येणारे पाहुणे आधी माझ्या बोन्सायचं, म्हणजे उथळ तबकात लहान राखलेल्या झाडांचं, कौतुक करतात आणि मग जरा आवाज उतरवून विचारतात, "पण हे असं खुजं करून ठेवायचं म्हणजे झाडाला त्रास होत नाही का हो?" नातेवाईक विचारतात, सोसायटीतली मुलं विचारतात. ज्याला झाडांबद्दल माया आहे तोच हे विचारतो, म्हणून या प्रश्नाचा मला कधी राग आला नाही. पण जिन्यात उभ्या उभ्या त्याचं उत्तर देता येत नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

बोन्साय उपाशी ठेवून लहान करतात, हा समज फार पसरलेला आहे. खतपाणी तोडलेलं झाड खुजं होत नाही, वाळतं. उथळ तबकात माती मूठभर असते, त्यामुळे जमिनीतल्या झाडापेक्षा याचं खाणंपिणं जास्तच सांभाळावं लागतं. तबकातला वड ही वडाची कुठली बुटकी जातही नसते. तोच वड काढून शेताच्या बांधावर लावा, तो सावकाश पसरेल, पारंब्या जमिनीत रोवेल आणि त्याच्याखाली बैलगाडी उभी राहील एवढा होईल.

मग तो लहान राहतो कसा? फांदीच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते खाली उतरतं आणि बगलेतल्या डोळ्यांना, म्हणजे पानाच्या बेचक्यातल्या न फुटलेल्या कोंबांना, दाबून ठेवतं. शेंडा खुडला की हा दाब सुटतो आणि मागचे डोळे फुटतात. एका फांदीच्या दोन होतात, दोनाच्या चार. लांबी वाढण्याऐवजी दाटी वाढते. वड, उंबर, नांद्रुक यांच्यासारख्या झाडांची सगळी पानं उन्हाळ्यात काढली तर नवी पालवी आकारानं लहान येते. हे फक्त सशक्त झाडावरच करायचं, आजारी झाडावर कधीच नाही. फळं मात्र अशी लहान होत नाहीत. म्हणूनच तबकातल्या डाळिंबाला लागलेलं डाळिंब त्या इवल्या झाडावर एवढं मोठं दिसतं.

मुळांबद्दल सांगितलं की लोक सर्वांत जास्त दचकतात. "मुळं कापता?" हो, कापते. कुंडीतल्या कुठल्याही झाडाची मातीची हुंडी दोन-तीन वर्षांनी बाहेर काढून बघा. मुळं कडेकडेनं गोल फिरून एकमेकांत गुंतलेली असतात, मधे हवा खेळत नाही, पाणी वरच्या वर वाहून जातं. झाड तसंच ठेवलं तर ते हळूहळू गुदमरतं. पहिला पाऊस झाला, हवेत ओल आली की मी हुंडी सोडवते, जाड मुळं आखूड करते, साधारण एक तृतीयांश मुळं काढते आणि विटांचे बारीक तुकडे, भरड वाळू आणि थोडं गांडूळखत अशा मिश्रणात झाड पुन्हा बसवते. अन्नपाणी शोषण्याचं काम सोटमूळ करत नाही, केसांसारखी तंतुमुळं करतात, आणि कापलेल्या टोकाशी तीच भराभर फुटतात. मुळं ताजी झाली की वर पालवी येते. जपलेलं बोन्साय शेकडो वर्षं जगू शकतं ते या फेरपालटामुळे.

तारेचंही तेच. ॲल्युमिनियमची मऊ तार फांदीभोवती तिरकी गुंडाळतात, फांदी वळवतात आणि त्या वळणात लाकूड धरलं की तार काढून टाकतात. पावसाळ्यात वड-नांद्रुकाची फांदी इतकी झपाट्यानं जाड होते की काही आठवड्यांतच तार सालीत रुतायला लागते, म्हणून त्या दिवसांत रोज नजर ठेवावी लागते. तार उलगडत न बसता पक्कडीनं तुकडे करून काढायची, म्हणजे साल सोलत नाही.

आता वेदनेबद्दल. वनस्पतीला मज्जासंस्था नसते, मेंदू नसतो, त्यामुळे आपल्याला दुखतं तसं तिला दुखतं असं मानायला आधार नाही. पण जखम झाल्याचं तिला कळत नाही, असंही मी म्हणणार नाही. वडाची फांदी कापली की चीक येतो, जखम बंद होते, आसपासच्या पेशी कामाला लागतात. झाड प्रतिसाद देतं, आणि बोन्सायची सगळी कला त्या प्रतिसादावरच उभी आहे. जे झाड फुटायला तयार नाही त्याच्यावर कात्री चालवून काहीच मिळत नाही.

आपल्याकडे नाशिकच्या द्राक्षबागेत एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. वेलीवर तेव्हा काड्यांशिवाय काही उरत नाही. डाळिंबाचा बहार धरायचा तर बागेचं पाणी तोडतात, झाडाला ताण देतात, पानगळ करून घेतात. त्या शेतकऱ्याला कोणी क्रूर म्हणत नाही, आणि म्हणूही नये, कारण तो आपलं झाड ओळखून आहे. माझं म्हणणं एवढंच की कात्री दिसली म्हणून छळ ठरत नाही. झाडाला नंतर काय मिळतं ते बघावं लागतं.

खुजी झाडं निसर्गातही असतात. महाबळेश्वरच्या पठारावर अंजनी आणि जांभळाची झाडं बघा. जांभ्यावर मातीचा पातळ थर, त्यात वर्षभर झोंबणारा वारा. जुनी झाडंसुद्धा ठेंगणी आणि पीळदार. जपानी लोकांनी सुरुवातीला डोंगरकड्यांवरची अशीच झाडं आणून जपली. आपल्याकडे तर कड्यावर जायचीही गरज नाही. पक्ष्यांनी खाल्लेल्या फळांचं बी विष्ठेतून पडतं आणि जुन्या वाड्यांच्या भिंतींत, इमारतींच्या पन्हळींत वड, पिंपळ, उंबर उगवतात. घरमालक त्यांच्यावर ॲसिड ओततो, कारण मुळं भिंत फोडतात. माझ्याकडचे बरेचसे वड असे मालकाला विचारून भिंतीतून सोडवून आणलेले आहेत. सह्याद्रीतल्या गडांवरची, सड्यांवरची म्हणजे उघड्या कातळपठारांवरची झाडं मात्र कोणी उपटून आणू नयेत. याबाबतीत मी फार कडक आहे. शंभर वर्षं वाऱ्याशी झगडलेलं झाड आपल्या गच्चीच्या शोभेसाठी हलवायचा अधिकार आपल्याला नाही.

खरा त्रास कुठे होतो तेही सांगते. भेटवस्तू म्हणून काही दुकानांत फुगीर मुळांचे नांद्रुक मिळतात, मातीवर डिंकानं चिकटवलेले गोटे. पाणी आत जातच नाही. असं झाड वातानुकूलित केबिनमधल्या टेबलावर जातं, जिथे ऊन नाही, वारा नाही, आणि पानं झडत झडत मरतं. तुम्हाला कोणी असं दिलं असेल तर आज ते गोटे काढा आणि झाड उजेडात ठेवा.

आणि त्याहून मोठा त्रास म्हणजे विसरणं. जमिनीतलं झाड आपलं पाणी आपण शोधतं; तबकातल्याला माणसाशिवाय कोणी नाही. पुण्याच्या मे महिन्यात उथळ तबक दुपारपर्यंत कोरडं होतं. सकाळ-संध्याकाळ पाणी, तेही खालच्या भोकांतून निथळेपर्यंत, आणि वर हिरवी जाळी. पाणी घालायला शिकायलाच तीन वर्षं लागतात, असं जपानी माळी म्हणतात, आणि मला ते खरं वाटतं.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयात एक जपानी पांढरा पाइन आहे. 1625 पासून तो माणसांच्या हाताखाली वाढतो आहे. 6 ऑगस्ट 1945 रोजी तो हिरोशिमात यामाकी कुटुंबाच्या रोपवाटिकेत होता, बॉम्ब पडला तिथून सुमारे तीन किलोमीटरवर. उंच भिंतीच्या आडोशानं वाचला. 1976 मध्ये मासारू यामाकींनी तो अमेरिकेला भेट दिला. तो हिरोशिमातून वाचलेला आहे, हे संग्रहालयाला कळलं 2001 मध्ये, यामाकींचे नातू बघायला आले तेव्हा. इतकी वर्षं कोणी ना कोणी रोज त्याला पाणी घातलं आहे. छळ म्हणून हे कोणी करत नाही.

घरात बोन्साय ठेवलं की घराची भरभराट खुंटते, असंही विचारतात. मी मानत नाही.

करून बघायचं असेल तर जूनमध्ये भिंतीतला एखादा वड किंवा नांद्रुक आणा. पहिली काही वर्षं मोठ्या कुंडीत मोकळं वाढू द्या, खोड जाड होऊ द्या. तबक अगदी शेवटी. आणि मे महिन्यात गावाला गेलात तर पाणी कोण घालणार, ते झाड आणायच्या आधी ठरवा.