भाडं कापून उरलेला पगार

लेबर डेला, म्हणजे अमेरिकेतल्या कामगार दिनाला, इथे गाद्यांवर सूट असते. का, ते मला सहा वर्षांत कळलेलं नाही. सप्टेंबरचा पहिला सोमवार, घराघरांच्या मागे भाजल्या जाणाऱ्या कणसांचा वास, आणि कामगाराचं नाव कुणाच्या तोंडी नाही. ज्या शिकागोमुळे जगाला 1 मे मिळाला, तिथे 1 मेला आम्ही मुकाट ऑफिसात.

यंदा वैतागून मेट्रा ट्रेन पकडली आणि शहराच्या दक्षिण टोकाला पुलमनला गेले. जॉर्ज पुलमन रेल्वेचे झोपायचे डबे बनवायचा. 1880 च्या दशकात त्याने कारखान्याला लागून अख्खं गाव वसवलं. लाल विटांची घरं, बाग, वाचनालय, चर्च, घरात नळ. घरं आजही उभी आहेत आणि त्यांत लोक राहतात. एका पायरीवर टोमॅटोची कुंडी आणि तिला टेकवलेली लहान सायकल. खोटं कशाला बोलू, आधी हेवाच वाटला. आमची काळाचौकीची खोली दहा बाय बारा, नळ मजल्याच्या टोकाला.

मग हिशेब कळला. घर विकत घ्यायचं नाही, फक्त भाड्याने. भाडं शेजारच्या वस्त्यांपेक्षा 20-25 टक्के जास्त. मालकाच्या मनात आलं तर 10 दिवसांच्या नोटिशीवर बाहेर. 1893 ची मंदी आली तेव्हा पगार 25 टक्क्यांच्या आसपास कापले, भाडं जिथल्या तिथे. भागधारकांचा 8 टक्के लाभांशही जिथल्या तिथे. पुढे सरकारी चौकशीत एका कामगाराने सांगितलं, भाडं वळतं झाल्यावर हातात तीन-चार सेंट उरले म्हणून आठ-नऊ लेकरांच्या बापांना रडताना पाहिलंय. आमच्या चाळीत निदान पगार मिळायचा तो पुरा घरी यायचा. (वाटेत देशी दारूचं दुकान नसेल तर.)

त्या 10 दिवसांपाशी मी अडकले. माझा व्हिसा कंपनीच्या कागदावर आहे. नोकरी गेली तर देश सोडायला 60 दिवस. गेल्या वर्षी टीममधल्या दोघांना एका दुपारी काढलं. मी काही बोलले नाही. ग्रीन कार्डाचा अर्ज त्याच कंपनीमार्फत, शिवाय डोंबिवलीच्या फ्लॅटचे हप्ते. तुम्ही म्हणाल, परत ये मग. म्हणा.

इथले लोक बोलले. तक्रार घेऊन गेलेल्यांपैकी तिघांना काढलं आणि 11 मे 1894 ला संप झाला. युजीन डेब्जच्या रेल्वे युनियनने पुलमनचे डबे असलेल्या गाड्यांवर बहिष्कार टाकला. 27 राज्यांत मिळून अडीच लाख माणसं. 1982 च्या संपात डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे गेलेले आमचे गिरणी कामगारही अडीच लाखच सांगतात, त्यात बाबा एक. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडने 28 जूनला लेबर डेच्या सुट्टीवर सही केली आणि आठवड्याच्या आत शिकागोत लष्कर उतरवलं. डेब्ज तुरुंगात.

या युनियनने काळ्या कामगारांना सभासद करून घेतलं नव्हतं. पुलमनच्या डब्यांत बिछाने घालणारे पोर्टर तर जवळजवळ सगळे काळेच. त्यांना स्वतःची युनियन काढायला 1925 उजाडलं आणि कंपनीशी करार व्हायला 1937. मी "बघा यांचं" म्हणणारच होते. पण आपल्याकडे धागा तोंडाने ओढून धोट्यात घ्यायचा, त्याचा विटाळ होईल म्हणून दलितांना साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, उभं करत नसत, आणि 1928 च्या संपात बाबासाहेबांना तो प्रश्न युनियनपुढे मांडावा लागला होता. माझे आजोबा साचाखात्यातच होते. चांगला पगार होता, एवढंच आमच्या घरी सांगतात.

रात्री बाबांना फोन केला. लष्कर, डेब्ज, सगळं सांगितलं. ते "हं, हं" करत ऐकत होते. संप हरले, त्यावर काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "घरांचं काय झालं?"

"कोर्टाने 1898 मध्ये सांगितलं, कंपनीने गाव चालवायचं नाही. घरं विकून टाकायला लावली."

गिरणी कामगारांच्या घरासाठी भरलेल्या फॉर्मची पावती त्यांच्या कपाटात दुधाच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली आहे. आई दर दिवाळीला ती बाहेर काढून पुसते.

"कितीला विकली?" बाबांनी विचारलं.