टीव्ही काढला आणि फ्रँकफर्टमध्ये मराठी वाचायला बसलो

जर्मनीत घरात टीव्ही असो वा नसो, सार्वजनिक प्रसारणाची वर्गणी भरावीच लागते. २०१३ पासून ती घरटी झाली आणि २०२१ पासून महिन्याला १८.३६ युरो आहे. त्यामुळे टीव्ही काढून टाकला म्हणून इथे एक सेंटही वाचत नाही. आम्ही तो काढला संध्याकाळ परत मिळावी म्हणून.

इथलं घड्याळ उन्हाळ्यात भारताच्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. तिकडे रात्री लागणारी मालिका इथे भर दुपारी लागते, म्हणून ऑफिसातून आल्यावर साचलेले भाग एकापाठोपाठ एक बघायचे. वर मराठी वाहिन्यांवरच्या चर्चा. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास अंधार पडतो, म्हणजे संध्याकाळ केवढी मोठी! ती सगळी पडद्यासमोर जात होती. शेवटी आम्ही दोघांनी ठरवून टीव्ही शेजारच्या विद्यार्थ्यांना देऊन टाकला आणि भारतातून येणाऱ्या प्रत्येकाला पुस्तकं आणायला सांगितलं. रविवारी इथली दुकानं बंद असतात, रस्तेही शांत असतात. वाचायला याहून चांगला दिवस नाही.

पुस्तकं आधी वाचलेलीच होती, पण इथे बसून ती पुन्हा उघडली तेव्हा मी राहते तो देश मला मराठीतून कळू लागला. म्हणून आज सुचवतेय ती पुस्तकं या एकाच धाग्याने निवडली आहेत.

सगळ्यात आधी विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’. कॉलेजात असताना मी ती चक्रधर आणि हॅर्टाची प्रेमकथा म्हणून वाचली होती. युरोपातून पूर्वेकडे निघालेली बोट, तिच्यावर नाझी जर्मनीने हाकलून दिलेले ज्यू, त्यांच्यातलीच हॅर्टा, आणि मायदेशी परतणारा मराठी तरुण चक्रधर. कादंबरी आली १९३९ मध्ये. ज्या वर्षी महायुद्ध पेटलं त्याच वर्षी ही माणसं मराठीत लिहिली गेली होती, छळछावण्यांची पुरती हकिगत जगासमोर येण्याच्या कितीतरी आधी. आपल्या भाषेत हे इतक्या लवकर लिहिलं गेलं याचा मला फार अभिमान वाटतो.

इथे रोजच्या रस्त्यावर फरशीत बसवलेले पितळी दगड दिसतात, दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीचे. समोरच्या घरातून नाझींनी ज्यांना नेलं त्यांचं नाव, जन्मसाल, कुठे नेलं आणि पुढे काय झालं, एवढंच त्यावर कोरलेलं असतं. गुंटर डेमनिग या कलाकाराने १९९०च्या दशकात हे काम सुरू केलं, आणि २०२३ मध्ये न्यूरेंबर्गला एक लाखावा दगड बसला. ‘रणांगण’ पुन्हा वाचल्यापासून मी प्रत्येक दगडापाशी वाकून जन्मसाल बघते. हॅर्टाच्या वयाच्या मुली त्यात पुष्कळ आहेत. ब्योर्नेप्लात्झजवळ जुन्या ज्यू दफनभूमीची भिंत आहे, तिच्यावर नाझींच्या छळाला बळी पडलेल्या फ्रँकफर्टच्या जवळजवळ बारा हजार ज्यूंची नावं छोट्या धातूच्या ठोकळ्यांवर आहेत. १९२९ मध्ये याच शहरात जन्मलेल्या अ‍ॅन फ्रँकचंही नाव तिथे आहे. भारतातून कोणी आलं की मी त्यांना उंच इमारती दाखवण्याआधी ही भिंत दाखवते.

दुसरं पुस्तक इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’. महाभारतातल्या माणसांकडे इतक्या निर्भयपणे बघणारं पुस्तक मला दुसरं माहीत नाही. ‘युगान्त’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या चाळीसेक वर्षं आधी, १९२०च्या दशकाच्या अखेरीस, इरावतीबाई बर्लिनच्या दालेम भागातल्या मानवशास्त्र संस्थेत पीएच.डी. करत होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर गोऱ्या वंशाचं श्रेष्ठत्व मानणारे, पुढे नाझींच्या वंशविचाराला आधार पुरवणारे. इरावतीबाईंनी गोऱ्या आणि इतर वंशांच्या माणसांच्या कवट्या मोजल्या, गुरूंना हवा तसा फरक त्यांना आकड्यांत सापडला नाही, आणि त्यांनी तसंच लिहिलं. परक्या देशात, परक्या भाषेत, पंचविशीही न गाठलेली ही बाई! द्रौपदीवरचं प्रकरण वाचताना मला आता ती बर्लिनमधली मुलगी दिसत राहते. इहनेश्ट्रासवरची ती इमारत अजून उभी आहे, फ्री युनिव्हर्सिटीच्या ताब्यात, आणि तिथे काय चालायचं हे सांगणारी पाटीही लावलेली आहे. बर्लिनला गेलात तर ब्रांडेनबुर्ग गेट बघून झाल्यावर मेट्रोने तिथवर जा.

जर्मन शिकणाऱ्यांसाठी एक जर्मन पुस्तकही सांगते: एरिश केस्टनर यांचं ‘एमिल उंड दी डिटेक्टीव्हे’, १९२९ चं. मुलांसाठीचं, सोपं आणि पळतं. मला ते चौकातल्या सार्वजनिक कपाटात मिळालं. अशी कपाटं इथे बऱ्याच ठिकाणी असतात, कोणीही पुस्तक ठेवावं, कोणीही न्यावं. मे १९३३ मध्ये नाझींनी बर्लिनला पुस्तकं जाळली तेव्हा केस्टनर स्वतः गर्दीत उभे होते, आणि जळणाऱ्या पुस्तकांत त्यांचीही होती. त्याच रात्री आमच्या फ्रँकफर्टच्या र्‍योमरबेर्गवरही होळी पेटली होती. चौकाच्या फरसबंदीत आज त्याची खूण आहे.

आणि व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५). माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर, त्याची शाळा, मेंढरं, आणि मग दुष्काळ. तिचा जर्मनीशी काय संबंध, असं वाटेल. इथून रेल्वेने तासाभरावर हायडेलबर्ग आहे. तिथले प्राध्यापक ग्युंटर सोन्थायमर यांनी आयुष्याची कित्येक वर्षं महाराष्ट्रातल्या धनगरांसोबत घालवली, त्यांच्या ओव्या टिपून घेतल्या आणि १९७६ मध्ये बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबावर जर्मनमध्ये मोठा ग्रंथ लिहिला. इंग्रजीतही तो उपलब्ध आहे. माडगूळकरांनी वाडीवरची माणसं दाखवली, त्या माणसांचे देव सोन्थायमर दाखवतात. जर्मनीत राहत असाल तर हायडेलबर्गच्या साउथ एशिया इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात एखादा दिवस काढून जा, तिथे मराठी पुस्तकंही आहेत. आधी ‘बनगरवाडी’ वाचा, मग सोन्थायमर हातात घ्या. या क्रमाने वाचलं तर दोन्ही पुस्तकं जास्त भिडतात.