दीड क्विंटल भाताचं जेवण

रोप लावण संपल्याशिवाय आबा शिवार सोडत नाहीत. यंदा ती ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात संपली आणि मी तेवढ्यातच त्यांना गाठलं. बेळगावात कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्यात व्हिएतनामी जेवण मिळतं, मला तिथं तुम्हा दोघांना न्यायचंच आहे, असं सांगितलं. आई म्हणाली, "मी माळकरी. मला तिथं काय मिळणार गे?" मी फोन करून आधीच विचारून ठेवलं होतं, म्हणून निघालो.

नंदगडहून खानापूर, मग मलप्रभेवरचा पूल. पाणी गढूळ, काठोकाठ. गणेबैलचा टोल नाका ओलांडला की महामार्गाच्या दोन्ही बाजूंनी हिरवीगार खाचरं लागतात. देसूरपर्यंत आबा प्रत्येक खाचराकडे बघत होते: हे उशिरा लावलंय, ह्याला युरिया जास्त झालाय, ह्याचा बांध फुटणार. मच्छे, पिरनवाडी आलं आणि शेतं संपली, तसे ते गप्प झाले.

बंगला कौलारू. कंपाउंडात मोठं आंब्याचं झाड. आत दहाच टेबलं, पांढऱ्या भिंती, बांबूच्या शेडमधला पिवळा उजेड. आबांनी बसायच्या आधी मान वर करून कौलं निरखली. "आपल्या खानापूरचीच हायत," म्हणाले, आणि मगच खुर्ची ओढली. माझी काळजी तिथंच निम्मी उतरली.

आईच्या जेवणाचं आधी सांगते. व्हिएतनाममध्ये शाकाहारी जेवणाला 'चाय' म्हणतात. आपल्या चहाशी त्याचा काही संबंध नाही. तिथं चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच बौद्ध लोक मांस-मासे खात नाहीत. हे ऐकल्यावर आई एकदम सैल झाली. "म्हणजे आपल्या एकादशीगत," म्हणाली. त्यांच्या स्वयंपाकात एरवी जिथं तिथं 'न्योक माम' असतो. लहान मासे आणि मीठ लाकडी पिंपात वर्षभर मुरवून त्याचा जो अर्क निघतो, तो. आईसाठी त्याऐवजी सोयाबीनचं पाणी वापरलं होतं आणि तिची भांडीही वेगळी ठेवली होती. वाढणाऱ्या मुलीनं हे न विचारताच सांगितलं.

पहिलं ताट आलं ते तांदळाच्या कागदाचं. गोल, पातळ, अर्धपारदर्शक चकत्या, बाजूला कोमट पाण्याचा वाडगा आणि हिरव्या पाल्याची रास: पुदिना, कोथिंबीर, लेट्यूस, तुळशीच्या जातीचा एक जांभळट देठाचा पाला. चकती पाण्यात बुडवायची, मऊ झाली की ताटलीत पसरायची, आत पाला, शेवया, काकडी, टोफू घालून गुंडाळायची. आई ती कोरडी चकती बोटांत धरून बराच वेळ बघत राहिली. उजेडाकडे धरली. मग म्हणाली, "ह्या तर आपल्या फेण्याच गे!"

आणि खरंच आहे ते. आमच्याकडे उन्हाळ्यात तांदूळ भिजवून, आंबवून, वाटून, पानावर पातळ पसरून वाफवतात आणि सोलून उन्हात वाळवतात. तिकडं उकळत्या भांड्याच्या तोंडावर फडकं ताणून बांधतात, त्यावर पीठ पसरतात, वाफ लागली की बांबूच्या काडीनं अलगद उचलून बांबूच्या जाळीवर उन्हात घालतात. आपण ती तळतो, ते भिजवतात. एवढाच फरक. आईनं पुढच्या चार गुंडाळ्या स्वतः केल्या आणि आमच्यापेक्षा घट्ट केल्या. तुळशीचं पान मात्र तिनं आधी वेगळं काढून ठेवलं. वाढणाऱ्या मुलीनं ही देवाची तुळस नव्हे असं सांगितल्यावर एक पान तोंडात टाकलं. बडीशेपेसारखा वास येतो त्याला.

मग तोच कागद निखाऱ्यावर भाजून, वर कांद्याची पात आणि अळंबी घालून आला. दलात या डोंगराळ गावात रस्त्यावर विकला जाणारा हा खाऊ. २०२३ साली उत्तम उपाहारगृहांना तारे देणारी मिशेलिनची मार्गदर्शिका पहिल्यांदा व्हिएतनामला गेली, तेव्हा ज्या चार उपाहारगृहांना एकेक तारा मिळाला, त्यांत सायगावच्या जुन्या बाजारातलं 'आन आन' होतं. तिथल्या दलातमध्येच जन्मलेल्या शेफनं हाच रस्त्यावरचा खाऊ पांढऱ्या टेबलावर आणला. 'आन' म्हणजे खाणं. दोनदा म्हटलं की आमच्या आजीचं "जेव, जेव" ऐकू येतं मला.

आबांसाठी कोंबडीचा 'फो' मागवला होता. फो मूळचा उत्तर व्हिएतनामचा, तिथं बहुतेक गोमांसाचा असतो, पण कोंबडीचाही तितकाच रुळलेला आहे. रस्सा पाण्यासारखा नितळ. आबांनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. "कांदा भाजलाय ह्यात. आलं बी." बरोबर ओळखलं त्यांनी. कांदा नि आलं निखाऱ्यावर काळं होईपर्यंत भाजतात, मग चक्रीफूल-दालचिनीबरोबर हाडांच्या पाण्यात तासन्‌तास मंद आचेवर ठेवतात. आपण भाजलेलं सगळं वाटून रस्सा दाट करतो, ते गाळून टाकतात आणि नुसता वास ठेवतात. शेवया मात्र आबांना खटकल्या. चमच्यानं दाबून बघितल्या, जराशा चिकटत होत्या. काही बोलले नाहीत.

'बान सेओ' आला तेव्हा शेफ स्वतः बाहेर आला. तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध, आत मोड आलेले मूग आणि जांबोटीकडची अळंबी. कढईत पीठ पडताना जो चुर्र आवाज होतो तोच 'सेओ', पदार्थाचं नाव त्यावरूनच. कडा इतक्या कुरकुरीत की मोडताना आवाज आला. शेफ तिशीतला, बेळगाव तालुक्यातलाच मुलगा, बरीच वर्षं बाहेर राहून परतलेला. आबांनी त्याला जवळ बोलावलं.

"बाळा, शेवयांना तांदूळ जुना घेतोस काय नवा?"

तो क्षणभर बघतच राहिला. मग खुर्ची ओढून बसला. कागद व्हिएतनामहून येतो, पण ताज्या शेवया इथंच पाडतो, बाजारातला इंद्रायणी वापरतो, आणि पावसाळ्यात त्या हमखास चिकटतात, असं त्यानं मनापासून सांगितलं. आबा म्हणाले, "इंद्रायणी भाताला ग्वाड लागती, पण ती चिकटणारच. जाड भात घे, इंटाणसारखा. वर्षभर कणगीत ऱ्हायलेला. नवा तांदूळ पाणी पीत न्हाई." शेफनं सांगितलं की त्याचे व्हिएतनामी उस्ताद हेच म्हणायचे: शेवयांना मोकळा, कोरडा, जुना तांदूळ. पुढचा अर्धा तास त्या दोघांचाच होता. गिरणी, भिजवण, पिठाची धार. आम्ही मायलेकी कॉफी पीत बसलो. लहान धातूच्या गाळणीतून थेंब थेंब पडणारी काळी कडू कॉफी, तळाशी घट्ट गोड डब्यातलं दूध. फ्रेंचांनी कॉफी तिकडं नेली, पण ताजं दूध मिळणं अवघड होतं, म्हणून डब्यातलं घातलं आणि तीच चव राहिली. इथल्या बिया कोडगूच्या होत्या.

बिल साडेतीन हजारांच्या आसपास झालं. आबांनी कागद हातात घेतला. २०२५-२६ च्या हंगामाचा साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. "दीड क्विंटल भात," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. नंतर म्हणाले, "पोरानं तांदळाचं सोनं केलंय. आपण पिकवतो नि पोतं भरून देऊन टाकतो." मला बोलताच आलं नाही. आमच्या तालुक्यात घरोघरी भात पिकतो आणि लग्नाच्या जेवणात आम्ही मैद्याचे नान वाढतो. तांदळाला एवढ्या आदरानं वागवलेलं मी पहिल्यांदा बघितलं, तेही दुसऱ्या देशाच्या स्वयंपाकात.

परतताना देसूरच्या पुढं अंधारात खाचरांतले बेडूक ओरडत होते. आई मागच्या सीटवर झोपली. आबा पुढं बसून बोटांवर हिशेब करत होते: माळ्यावर इंटाणची दोन पोती आहेत, मागच्या सालची. एक घरी लागेल. दुसरं भरडून, वीस किलो पुढच्या रविवारी मी कॅम्पात पोचवायचं. "पैसे घेऊ नको पहिल्या खेपेला," ते म्हणाले. "शेवया कशा पडतात ते बघून ये."