गप्पा थांबल्या की पेस चुकला

मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून सरावाचे अठरा आठवडे मागे मोजले की सप्टेंबरचा मध्य येतो. म्हणजे सुरुवातीचे लाँग रन (रविवारची लांब अंतराची धाव) पावसात, वीस किलोमीटरच्या आसपासचे ऑक्टोबरच्या उकाड्यात, आणि सगळ्यात मोठा रन डिसेंबरच्या अखेरीस, नेमका थर्टीफर्स्टच्या तोंडावर. हे गणित मिळून सराव करणाऱ्या ग्रुपने आधीच मांडून ठेवावं. दिवाळी ज्या आठवड्यात येईल तो कमी अंतराचा ठेवला की फराळाशी भांडण होत नाही.

दहा-बारा किलोमीटर न थांबता धावता येत असतील तर रविवारच्या किलोमीटरांची चढण साधारण अशी: 14, 16, 18, मग उतरून 13. पुन्हा 18, 20, 22, उतरून 16. मग 22, 24, 26, उतरून 18. शेवटी 26, 28, 20 आणि 30. स्पर्धेला तीन आठवडे उरलेले असताना 30 होतात, त्यानंतर 20, त्यानंतर 12. दर तीन-चार आठवड्यांनी उतरायचं ते आळशीपणासाठी नाही. दम लवकर वाढतो, पण हाडं आणि स्नायुबंध त्या वेगाने तयार होत नाहीत. नडगीचं दुखणं बहुधा ‘जमतंय की’ म्हणून हा आठवडा गाळणाऱ्यांनाच गाठतं. पहिल्याच मॅरेथॉनसाठी सरावात पूर्ण 42 धावायची गरज नाही. त्यातून सावरण्यात पुढचे आठवडे जातात. हळू धावणाऱ्यांनी 30 किलोमीटर किंवा चार तास, जे आधी होईल तिथे थांबावं.

आता खरा मुद्दा: पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ. पाच तासांत मॅरेथॉन संपवायची तर सरासरी 7:06 मिनिटांना एक किलोमीटर पडतो. त्या माणसाचा लाँग रन पावणेआठ ते सव्वाआठच्या पेसने व्हायला हवा. साडेचार तासांचं लक्ष्य म्हणजे 6:24, तर लाँग रन सात ते साडेसातने. हे वहीत सगळ्यांना पटतं. रस्त्यावर ग्रुप जमला की पहिल्या तीन किलोमीटरांतच बिघडतं. पहाटेची हवा, ताजे पाय, पुढचा एक जण नकळत किलोमीटरमागे पाच सेकंदांनी वेग वाढवतो, मागचे फट भरायला दहा सेकंदांनी. कोणीच शर्यत लावलेली नसते, तरी सगळे धापा टाकत असतात. ज्याला हा पेस झेपत नाही तो गप्प होतो, आणि मागे पडायची लाज वाटून चोवीसाव्या किलोमीटरपर्यंत तसाच ओढत राहतो. मग त्याचा पुढचा आठवडा गेला.

उपाय साधा आहे. लक्ष्यानुसार दोन-तीन ‘बस’ कराव्यात. प्रत्येक बसला ठरलेला पेस धरून धावणारा एक पेसर, आणि वीस किलोमीटरपर्यंत पेसरच्या पुढे कोणीही जायचं नाही. पेसरने घड्याळापेक्षा कान वापरावेत. ऑफिसातल्या साहेबाबद्दलची तक्रार एका दमात पूर्ण सांगता येत असेल तर पेस बरोबर. उत्तरं ‘हो’, ‘नाही’वर आली की लगेच वेग कमी करावा. ऑक्टोबरात तर घड्याळ फसवतंच: दमट हवेत घाम सुकत नाही, अंग तापतं, रक्त कातडीकडे वळतं आणि त्याच पेसला नाडी वाढत जाते. त्या महिन्यात किलोमीटरमागे अर्धा मिनिट सोडून द्यावा आणि पाचला निघावं, साडेसहाला नाही.

रस्ता निवडताना लांबच लांब सरळ जाण्यापेक्षा फेऱ्या बऱ्या. मरीन ड्राइव्हवर नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहापासून गिरगाव चौपाटीपर्यंत जाऊन-येऊन सहा-सात किलोमीटर होतात. पाण्याचं टेबल एकच लागतं, मागचे-पुढचे एकमेकांना दिसत राहतात, आणि कोणाला सोडायचं असेल तर टॅक्सी शोधावी लागत नाही. नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर सलग अंतर मिळतं, पण पहाटे गाड्या सुसाट असतात. तिथे मागे लाल दिवा आणि एकेरी रांग हवीच. महिन्यातून एकदा चढ घ्यावा. स्पर्धेच्या वाटेवरच्या पेडर रोडच्या चढाची धास्ती उगाच नाही.

पाण्याचा हिशेब: पंधरा जण, माणशी तासाला अर्धा लिटर, चार तास, म्हणजे 30 लिटर. डोक्यावर ओतायचं धरून वीस लिटरचे दोन जार. प्रत्येकाची गरज वेगळी असते, ती वजनावरून कळते. तासभर धावण्याआधी 62 किलो, नंतर 61, मध्ये 300 मिली प्यायलं, तर घाम सुमारे 1.3 लिटर. तेवढं सगळं भरून काढायचा हट्ट नको. उलट रन संपल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त झालं. रक्तातलं सोडियम पातळ होणं हे थोड्या तहानेपेक्षा जास्त धोक्याचं. ओआरएसची पुडी जितक्या पाण्याला लिहिली आहे तितक्यातच घालावी. ‘कडक’ केलेलं ओआरएस पोट बिघडवतं.

खाणं भूक लागायच्या आधी, पाऊण तासापासून सुरू. तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं. धावताना खायच्या गोड जेलच्या एका पुडीत बहुधा 20-25 ग्रॅम असतात, पाच-सहा लहान खजुरांत तीसच्या आसपास. जेल साध्या पाण्याबरोबर घ्यावं, गोड पेयाबरोबर नाही, नाहीतर पोटात मुरडा ठरलेला. मीठ लावलेला उकडलेला बटाटा झकास. चिक्की मात्र पंचविसाव्या किलोमीटरला कोरड्या तोंडात दगडासारखी फिरते. स्पर्धेत जे खायचं ते किमान तीन लाँग रनमध्ये खाऊन पाहिलेलं असावं. आणि दुखतंय म्हणून निघताना वेदनाशामक गोळी घेऊ नये: शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना ती मूत्रपिंडाला महागात पडते.

बाकी किरकोळ: सुती टी-शर्ट आणि सुती मोजे नकोत, काखेत आणि मांड्यांना व्हॅसलीन, पुरुषांनी छातीला टेप. स्पर्धेचे बूट डिसेंबरच्या सुरुवातीला घेऊन त्यांवर दोन लाँग रन तरी काढावेत.

संपल्यावरची मिसळ हा ग्रुपचा धर्म, त्याला हरकत नाही. आधी एक केळं आणि थोडं पाणी पोटात जाऊ द्यावं. पण निघताना मोजलेली माणसं परत मोजून झाल्याशिवाय पाण्याचं टेबल आवरायचं नाही. सगळ्यात शेवटी येणारा सगळ्यात जास्त वेळ उन्हात असतो, आणि जार रिकामा झालेला बहुतेक वेळा त्यालाच दिसतो. त्याच्या नावाच्या दोन बाटल्या सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवाव्यात.