तोरणमाळ लूप: हँगर निघाला, आता बेत बदलतोय

हँगर. मंडळी, घाटात माझी चेन उडायची त्याचं कारण शेवटी हँगरच निघाला, म्हणजे मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) फ्रेमला ज्या छोट्या पट्टीने लटकतो ती पट्टी.

मागच्या अपडेटनंतर ज्यांनी चेन, कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा) आणि केबलवर संशय घेतला होता त्या सगळ्यांचं ऐकून झालं, सगळं बदलूनही झालं. आता सायकल तोरणमाळ घाटातल्या सात पायरीच्या वळणांवर 34/32 वर (पुढे 34 दात, मागे 32) मुकाट चालते. उभं राहून पेडल मारलं तरी खाट् नाही. इतके आठवडे त्या एका आवाजाने डोकं पोखरलं होतं, त्यामुळे हे अपडेट जरा लांबणार आहे.

दुखणं काय होतं ते थोडक्यात. नंदुरबारहून तापीचा पूल, प्रकाशा, शहादा, म्हसावद, राणीपूर इथपर्यंत काहीच नाही. राणीपूर सोडून साग-मोहाच्या जंगलात चढ सुरू झाला आणि कॅसेटच्या आतल्या तीन मोठ्या कॉगवर (चकत्यांवर) आलं, की जोर लावताच चेन उडायची. सपाटीवर नाही, स्टँडवर तर अजिबात नाही. हाताने पेडल फिरवलं की नऊही गिअर कसे सुरेख लागायचे! मेकॅनिकला दाखवायला गेलं की दुखणं गायब, आणि घाटात पोचलं की पुन्हा हजर.

एका मोठ्या शहरातल्या, चकचकीत शोरूम असलेल्या दुकानात दाखवली. दोन मिनिटं फिरवून "कॅसेट गेलीय" म्हणाले. कॅसेट आणि चेन दोन्ही नवीन टाकल्या, बिलही तसंच झालं, पण घाटात परत तेच. चेन गेजवर जुनी चेन अजून अर्ध्या टक्क्यापर्यंतही ताणलेली नव्हती, म्हणजे ती बदलायची गरजच नव्हती. अशा दुकानांबद्दल माझं मत आता पक्कं आहे: जो मेकॅनिक सायकल भाराखाली चालवून बघत नाही, त्याच्या निदानावर पार्ट घेऊ नका.

मग फ्रीहब, म्हणजे कॅसेट ज्यावर बसते तो, एकाच दिशेने पकडणारा चाकाचा भाग. इथे थोडा विचार केला तर फ्रीहब खोलायची गरजच पडत नाही. फ्रीहबचे दात घसरत असतील तर चेन कॉगवर नीट बसलेली असते आणि आख्खी कॅसेटच चाकाला न फिरवता पुढे सरकते. हे कुठल्याही गिअरमध्ये होऊ शकतं. माझ्याकडे फक्त आतल्या तीन कॉगवर होत होतं आणि चेन डोळ्यांदेखत दातावर चढून खाली आपटत होती. फ्रीहब बाद.

मग केबल. आतली आणि बाहेरची, दोन्ही नवीन. थोडा फरक पडला आणि त्यातूनच खरा धागा हाती लागला. बॅरल अ‍ॅडजस्टर (केबलचा ताण जुळवायची फिरकी) फिरवून 32 गप्प केला की बाहेरचे 13 आणि 15 कुरकुरायचे. ते जमवले की 32 परत उडायचा. एक झाकावं तर दुसरं उघडं पडायचं. नऊ स्पीडच्या कॅसेटमध्ये एका कॉगपासून दुसऱ्या कॉगचं अंतर 4.35 मिमी असतं. डिरेलर प्रत्येक क्लिकला तेवढाच सरकायला हवा, आणि त्याचा पिंजरा (चेन ज्यातून जाते तो खालचा भाग) कॉगच्या रेषेत सरळ लटकायला हवा. हँगर वाकला की पिंजरा तिरका होतो. मग एका टोकाला जमवलेलं इंडेक्सिंग (क्लिक आणि कॉगचा मेळ) दुसऱ्या टोकाला चुकतं, आणि जोर पडल्यावर चेनला कॉगवर धड बसताच येत नाही. त्यात 32 वर असताना एका वळणावर मागून बारीक टिंग-टिंग ऐकू आलं. पिंजरा आऱ्यांना घासत होता! तो आवाज ऐकल्यावर मी तिथेच उतरलो. आणखी जरा आत गेला असता तर डिरेलर, आऱ्या आणि हँगर, तिन्ही एकदम गेले असते, तेही एका बाजूला दरी असलेल्या रस्त्यावर.

हँगर सरळ आहे का हे बघायचं खास गेज मिळतं. पार्क टूलचं सगळ्यांत भरवशाचं, पण आपल्याकडे ते कुणाकडे बघायला मिळालं नाही आणि किंमत ऐकून विकत घ्यावंसंही वाटलं नाही. मग जुनी युक्ती आठवली. डिरेलरचा हँगर आणि क्विक रिलीजवाल्या मागच्या हबचा अ‍ॅक्सल, दोन्हींचे आटे बहुतेक वेळा एकच असतात: 10 मिमी, 1 मिमी पिच. म्हणजे डिरेलर काढायचा आणि त्याच्या जागी आख्खं दुसरं चाक हँगरमध्ये फिरवून बसवायचं. दोन्ही चाकं एकमेकांना समांतर दिसली तर हँगर सरळ.

शहाद्यात साध्या सायकली दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांच्या दुकानात काळ्या सायकलींची चाकं ढिगाने, पण त्यांच्या अ‍ॅक्सलचे आटे वेगळे, ते बसत नाहीत. जबरदस्तीने बसवायचा प्रयत्नही करू नका, हँगरचे आटे कापले जातील. काकांनी माळ्यावरून कुण्या पोराच्या मोडलेल्या गिअर सायकलचं मागचं चाक काढलं. स्क्यूअर (चाकाच्या आसातून जाणारी दांडी) उपसला, कॅसेट नसलेली बाजू हँगरकडे केली आणि चाक हाताने अलगद फिरवत नेलं. पाच-सहा आटे बसले. मी लांबून बघून म्हणालो, "काका, सरळच दिसतंय." ते म्हणाले, "डोयानी नको देखू भाऊ, पट्टी लावीसन देख."

पट्टी लावली. दोन रिममधलं अंतर पुढे आणि मागे जवळपास सारखं. वर आणि खाली मात्र चांगला बोटभर फरक! खालच्या बाजूला चाकं जवळ, वरच्या बाजूला लांब, म्हणजे हँगर आत, आऱ्यांकडे झुकलेला. गेल्या पावसाळ्याआधी सायकल टेम्पोतून आणली होती, तेव्हा ती उजव्या बाजूवर आडवी होती आणि वर सामान होतं. बहुधा तिथेच झालं असावं. बाहेरून डिरेलरवर ओरखडासुद्धा नाही.

सरळ करायलाही तेच चाक. रिम दोन्ही हातांनी धरायची आणि अगदी थोडा, थोडा, थोडा दाब द्यायचा. सोडायचं, पट्टी लावायची, परत. काकांनी घाई म्हणून केली नाही. शेवटी चारही बाजूंचा फरक पट्टीवर दिसेनासा झाला. डिरेलर परत चढवला, डिरेलर आऱ्यांकडे किती सरकेल ते ठरवणारी आतली लिमिट स्क्रू नव्याने लावली (हे विसरू नका, हँगर सरळ झाला की जुनी सेटिंग चुकीची ठरते), मग बी-स्क्रू (डिरेलर आणि कॉगमधलं अंतर ठरवणारा), मग इंडेक्सिंग. काकांनी सांगितलेले पैसे इतके कमी होते की मला दुप्पट देताना वाद घालावा लागला.

आणि मग घाट. पहाटे निघालो. नंदुरबारबाहेर पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत घातलेली, वारा आपल्या दिशेने असला की ठसका लागतोच. रुमाल जवळ ठेवा. प्रकाशाला केदारेश्वराच्या बाजूला चहा. शहाद्यापुढे उसाच्या डबल ट्रॉल्या सुरू झाल्यात, त्यांच्या मागे अडकण्यापेक्षा सकाळी लवकर म्हसावद गाठलेलं बरं. म्हसावदला केळी घेतली, तिथे एकाने काळजीने विचारलं, "गाडी खराब व्हई गई का भाऊ?" तोरणमाळला सायकलवर चाललोय म्हटल्यावर त्याने पैसे घेतले नाहीत.

सात पायरीला 32 टाकला आणि मुद्दाम सगळ्यांत खड्या वळणाच्या आतल्या बाजूने उभं राहून दाबलं. चेन हलली नाही. पुढचं वळण, तेच. त्यापुढचं, तेच. मी मोठ्याने ओरडलो, माकडं पळाली. 28 मिमीच्या टायरवर 34/32 ला पेडलच्या एका फेऱ्यात साधारण 2.27 मीटर पुढे जातो, म्हणजे 60 केडन्सला (मिनिटाला पेडलचे 60 फेरे) ताशी 8 किमीच्या जरा वर. तोच वेग 28 च्या कॉगवर ठेवायचा तर केडन्स 52-53 वर उतरतो आणि गुडघे बोलायला लागतात. इतके दिवस 32 च्या भीतीने मी हाच घाट 28 वर ओढत होतो. वर यशवंत तलावावर पोचलो तेव्हा पाय ताजे होते. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे. तिथे ताजे पाय घेऊन पोचणं काय असतं, हे तो घाट केलेल्यांना सांगायला नको. सीताखाईकडे चालत चक्कर मारली, खिचडी खाल्ली, उन्हात बसलो.

एक सूचना: वाकलेला हँगर सरळ केला तरी तो आता कमजोर झालेला असतो. अ‍ॅल्युमिनियम दोन-तीनदा वाकवलं की तुटतं. म्हणून नवीन मागवला. ऑनलाइन एकाने "सगळ्या सायकलींना बसतो" म्हणून पाठवला, तो बसला नाही. असा हँगर नसतोच. आपला काढा, मोजपट्टीशेजारी ठेवून फोटो घ्या, भोकांमधलं अंतर मोजा आणि फ्रेमच्या मॉडेलसकट विक्रेत्याला पाठवा. आता बरोबरचा येतोय. तो सॅडल बॅगेत कायमचा राहणार.

मूळ बेत तोरणमाळ चढून त्याच रस्त्याने उतरण्याचा होता. पण वर बसल्या बसल्या वाटलं, ताजे पाय आहेत तर उलटं कशाला फिरायचं? धडगावला जावं, तिथून चांदसैली घाटाने तळोद्याकडे उतरावं आणि अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याने शहादा. आख्खा सातपुड्याचा लूप. चांदसैलीत पावसाळ्यात दरडी येतात, म्हणून आता, डिसेंबरातच, रस्ता मोकळा असताना. धनत्रयोदशीच्या सुमाराची अस्तंब्याच्या यात्रेची गर्दीही आता ओसरलीय. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा दत्तजयंतीला आहे, ते दिवस दोंडाईचा-शहादा रस्त्यासाठी टाळा. धुळ्याकडून येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

उतारासाठी ब्रेक पॅड बदलतोय. कूलस्टॉपचे सॅमन रंगाचे घेतले. रिम ब्रेकवर एवढ्या लांब उतारात सतत दाबून ठेवू नका, जोरात दाबा, सोडा, वळणावर थांबून रिमला हात लावून बघा.

आणि हे लिहिता लिहिता आणखी एक सुचलं. धडगावात मुक्काम केला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भुषाकडे, नर्मदेच्या बॅकवॉटरपर्यंत उतरता येईल. आपल्या खानदेशात किनारा म्हणावा असा रस्ता तोच. उतरलेलं सगळं परत चढावं लागेल, पण आता 32 आहे! मग लूप दोन दिवसांचा होतो, एका दिवसात कोंबायची गरज नाही.

तोरणमाळ ते धडगाव रस्ता पावसाळ्यानंतर कुणी केलाय का? डांबर कुठपर्यंत टिकलंय, खडी कुठे सुरू होते एवढं सांगा, त्यावर 28 मिमीचे टायर ठेवायचे की 32 मिमीचे घालायचे ते ठरेल. हँगर हातात आला की पहिल्या रविवारी निघतोय. शहाद्याहून सकाळी सहाला, ज्याला यायचंय त्याने कळवा.