पायाखालचं पाणी

मी नऊ वर्षांची असताना आम्ही कार्तिकात कौंडण्यपूरच्या यात्रेला गेलो होतो. वर्धा नदीच्या घाटावर आईचा हात सुटला आणि मी घसरले. कुण्या बाईनं वेणी धरून वर ओढलं. पण तेवढ्यात पाण्याखाली पायाला काहीतरी मऊ, लांब असं गुंडाळलं गेलं होतं. ते काय होतं, ते कधी कळलंच नाही. तेव्हापासून गुडघ्याच्या वर पाणी आलं की माझा श्वास अडकतो. सहलीला सगळे नदीत उतरतात, मी काठावर चपला सांभाळते. तीस वर्षं हेच चाललंय.

गेल्या डिसेंबरात मैत्रिणीच्या आग्रहानं गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगावकडे गेले. नागपूरहून एस.टी.नं भंडारा, मग साकोली. साकोलीच्या पुढं आमच्या वऱ्हाडाचं काहीच ओळखीचं उरत नाही. कापूस नाही, तूर नाही. कापलेल्या धानाची शेतं आणि दर थोड्या अंतरावर एक तळं. ही मालगुजारी तळी. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं बांधलेली. तळं बांधणाऱ्याला त्याच्या पाण्यावर भिजणारी जमीन मिळे. नवेगावबांधचा मोठा तलावही अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. डोंगरांच्या मधल्या फटी मातीनं बुजवून एवढं पाणी अडवायचं! मला ही माणसं फार मोठी वाटतात, आणि आपल्या शाळेच्या पुस्तकांत ती कुठेच भेटली नाहीत याचं वाईट वाटतं.

मैत्रिणीच्या गावचं तळं त्यामानानं लहान. सकाळी पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, गेलो तेव्हा ढिवर या मासेमार समाजाच्या एक काकू जाळं सोडवत बसल्या होत्या. शेजारी डोंगा, म्हणजे अख्खं खोड कोरून केलेली नाव, रुंदी जेमतेम बसण्याइतकी.

"चाल ना बाई, तिकडं कमर हायेत."

कमर म्हणजे कमळं. मी नाही म्हटलं. का ते त्यांनी विचारलं, तेव्हा घाटावरची गोष्ट सांगितली. मी ती फारशी कुणाला सांगत नाही. काकू हसल्या नाहीत. काठाशी वाकून त्यांनी पाण्यात हात घातला आणि एक हिरवी, ओली पेंडी बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवली. बारीक पानांचे वेढे, शेवाळाचा वास.

"असंच लागलं असंल तुले. हे तं आमीच लावलं हाये. उनाऱ्यात तलाव नांगरला, बेशरम उपटला, मंग पान्यात हे लावलं. मासोऱ्या यातच अंडे देतेत."

बेशरम म्हणजे तळ्यात माजणारं झुडूप. त्यानं तळी भरली, पाण्यातलं देशी गवत गेलं आणि त्याबरोबर मरळीसारखे इथले मासेही कमी झाले. मग इथल्या बायांनी एकेक तळं पुन्हा लावायला घेतलं. चिखलात उभं राहून, धानाची रोवणी करावी तसं. मी तीस वर्षं ज्याला घाबरले, ते या बाया हातानं लावतात, हे ऐकून मला कसंतरीच झालं. रडू आल्यासारखं.

डोंग्यात बसले. पहिली पाच मिनिटं दोन्ही कडा घट्ट धरून होते. नाव जरा कलली की पोटात गोळा यायचा. काकू मागं उभ्या राहून बांबूनं रेटत होत्या आणि सांगत होत्या, इथं कमर, इथं शिंगाडा, इकडं देवधान आपोआप उगवते. वल्हं नाही, आवाज नाही. दूर बदकांचा थवा उठला.

परतताना काठापासून दहा-बारा हातांवर काकूंनी बांबू रोवला. "इथं कमरेएवढंच हाये. उतरतं का?"

उतरले. साडी पाण्यावर फुगली. तळाचा चिखल बोटांतून वर आला, श्वास अडकला, छाती धडधडायला लागली. काकूंचा मनगटाला हात होता. मग पोटरीला ते लागलं. तेच, मऊ, लांब. ओरडले. पण पाय काढला नाही. खाली वाकून हातानं चाचपलं, एक पान खुडलं आणि वर घेऊन पाहिलं.

काठापर्यंत चालतच आले. संध्याकाळपर्यंत पाय कापत होते. काकूंनी जूनमध्ये लावणीला बोलावलंय. मी येते म्हणून सांगितलंय.