पँगाँगहून मागे न फिरता

पहाटे उठलो तेव्हा तंबूबाहेर ठेवलेल्या बादलीत बर्फाची पापडी धरली होती. सप्टेंबर अजून संपायचा होता. अंगात दोन थर्मल, स्वेटर, जाडजूड जॅकेट, कानटोपी, आणि तरी बहिणीचे दात वाजत होते. लडाखमधल्या पँगाँग तळ्याला आलेल्या बहुतेक गाड्या इथून लेहकडे परततात. आम्ही आदल्या रात्रीच ड्रायव्हरदादांना सांगून ठेवलं होतं, उद्या पुढे चीनच्या सीमेजवळच्या चुशूल गावाला जायचं आणि रेझांग लाच्या लढाईचं स्मारक पाहायचं. ते जरा थांबले आणि म्हणाले, "अच्छा है. वहाँ कम लोग जाते हैं."

मान आणि मेरक ही गावं गेली, मग डावीकडचं निळं पाणी मागे राहिलं. पुढे नुसती माती, दगड आणि आभाळ. झाड औषधालाही नाही. मध्येच कियांगांचा, म्हणजे इथल्या रानगाढवांचा, एक कळप धूळ उडवत पळाला, तेवढीच काय ती हालचाल. इथे १४,००० फुटांवर समुद्रकाठच्या तुलनेत जेमतेम साठ टक्के प्राणवायू श्वासात मिळतो. बुटाची नाडी बांधायला वाकलं तरी धाप लागते. हे मी सहज जाता जाता लिहितेय, पण पुढचं सगळं वाचताना ती धाप लक्षात ठेवा.

स्मारक चुशूलच्या मैदानात आहे. जुनं होतंच, २०२१च्या १८ नोव्हेंबरला ते नव्याने बांधून खुलं झालं. तारीख मुद्दाम तीच. १९६२ साली त्याच दिवशी उजाडण्याआधी, १३ कुमाऊँ बटालियनच्या चार्ली कंपनीवर रेझांग ला खिंडीत चिनी सैन्य चालून आलं. खिंड १६,००० फुटांहून उंच. खाली चुशूलची धावपट्टी, आणि तिच्याकडे येणारी ही वाट अडवायला सुमारे १२० माणसं. चुशूलला आपल्या तोफा होत्या, पण मध्ये डोंगर आडवा असल्यामुळे त्यांचा मारा खिंडीपर्यंत पोचत नव्हता. म्हणजे मदत जवळ होती आणि तरी नव्हती. त्या माणसांकडे होत्या जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली, काही मशीनगन आणि मॉर्टर. अंगावर त्या थंडीला न पुरणारे कपडे.

ही माणसं कुठली? बहुतेक हरियाणाच्या अहिरवालातली. रेवाडी, गुडगाव, महेंद्रगड भागातली शेतकऱ्यांची मुलं. त्यांचे मेजर शैतान सिंग तर जोधपूरकडचे, वाळवंटातले. ज्यांच्या गावात बर्फ कधी पडला नाही, त्यांना देशाने बर्फात उभं केलं, आणि ती उभी राहिली. मेजर एका प्लॅटूनकडून दुसऱ्या प्लॅटूनकडे उघड्यावरून फिरत होते. जखमी झाल्यावर जवानांनी त्यांना उचलून नेलं, तर त्यांनीच सांगितलं, मला इथे ठेवा आणि तुम्ही निघा. त्या दिवशी ११४ जण गेले.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त छळते ती पुढची गोष्ट. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके जण जिवंत परतले. त्यांनी जे पाहिलं ते सांगितलं, आणि ते खरं वाटेना. सगळे शेवटपर्यंत लढले? एकही मागे हटला नाही? पुरावा वर होता, पण वर बर्फ होता. १९६३च्या फेब्रुवारीत एका मेंढपाळाला मृतदेह दिसले आणि शोधपथक खिंडीत गेलं. जवान होते तसेच खंदकांत गोठलेले. कुणाच्या हातात रायफल, कुणाच्या हातात ग्रेनेड. जखमींवर उपचार करणारा नर्सिंग असिस्टंट धर्मपाल दहिया, त्याच्या हातात सिरिंज. मेजर शैतान सिंग एका खडकाला टेकलेले. तीन महिने ज्या शब्दावर शंका घेतली गेली, तो बर्फाने जसाच्या तसा जपून ठेवला होता. मेजरांना परमवीर चक्र मिळालं. पण परतलेल्या त्या जवानांचे ते तीन महिने कसे गेले असतील, हे मी नावं वाचत असताना डोक्यातून जाईना. सगळी ११४ नावं वाचली. मध्येच सोडून देता आलं नाही.

ड्रायव्हरदादांनी परतताना आणखी एक सांगितलं. २०२० साली चीनशी तणाव वाढला आणि इथल्या शिखरांवर आपलं सैन्य चढलं, तेव्हा चुशूलचे गावकरी पाण्याचे कॅन आणि शिधा पाठीवर घेऊन वर पोचवत होते. बायकासुद्धा.

स्मारकाच्या बाहेर एक जवान उभा होता. आम्हा दोघींचं बोलणं कानावर पडलं तसा त्याचा चेहराच बदलला. "ताई, महाराष्ट्रातल्या काय? मी सांगलीकडचा." मग तो बोलत राहिला. नवा माणूस वर आला की आधी काही दिवस नुसतं थांबवतात, उंची अंगाला मानवेपर्यंत. हिवाळ्यात पाणी हवं तर बर्फ वितळवायचा, आणि तो वितळवायला रॉकेल जाळायचं. लोखंडाला उघडा हात लावायचा नाही, कातडं चिकटून निघतं. हे सगळं तो शेतातली कामं सांगावीत तसं सांगत होता. "घरी काय सांगता?" बहिणीने विचारलं. "थंडी हाय म्हणतो. एवढंच. आई झोपायची न्हाई नाहीतर."

आईने दिलेला चिवडा अजून शिल्लक होता. कागदात बांधलेली पुडी तशीच त्याच्या हातात दिली. तो नको नको म्हणाला, मग घेतली. आम्ही गाडीत बसलो तरी तो पुडी उलटसुलट करून पाहत होता. जवळ येऊन म्हणाला, "ताई, ह्यो मराठी पेपर हाय. कुठल्या तारखेचा?"

दोन आठवड्यांपूर्वीचा होता, तेल लागलेला. त्याने चिवडा आपल्या डब्यात ओतला आणि कागद गुडघ्यावर ठेवून हाताने हळूहळू सरळ करू लागला.